अस्तर

आयोजकांची चिठ्ठी आली आहे:
शुक्रवारपर्यंत दोनशे शब्द हवेत.
तुमची प्रक्रिया, तुमच्यावरचे प्रभाव.
सोबत एक फोटो, शक्यतो काम करताना.

ग्दान्स्कमध्ये नोव्हेंबर. साडेतीनलाच अंधारतं.
स्टुडिओ म्हणजे गोदीतली दोरखंडांची जुनी खोली,
हीटर एकच, तो टिमोनच्या बाजूला.
टिमोनचे दोनशे शब्द कालच लिहून झाले.
"माझ्यावर कुणाचाच प्रभाव नाही," तो वाचून दाखवतो,
आणि वाचता वाचता चष्मा कपाळावर सारतो,
थेट आमच्या प्रुसाक बाईंसारखा.
मी काही बोलत नाही. हीटर त्याच्याकडे आहे.

मी आधी लिहिलं: प्रकाश. खोडलं.
मग लिहिलं: स्मृती. तेही खोडलं.
या दोन शब्दांवर आमचा निम्मा वर्ग पास झाला.

खरं सांगायचं तर
आई जहाजं रंगवायची.
नावं नाही, पट्टे नाहीत. ती कामं वर, उजेडात, पुरुषांकडे.
आई खाली, सुक्या गोदीत, मान वर करून
जहाजाच्या पोटाला तांबडा लावायची,
शिंपले चिकटू नयेत म्हणून विष कालवलेला.
जहाज पाण्यात उतरलं की
तिचं अख्खं काम बुडायचं.
धक्क्यावर टाळ्या, बँड, कुणाचं तरी भाषण,
आणि आई मान चोळत म्हणायची,
"चला, बुडालं एकदाचं."
घरी यायची ती नखांत तांबडं घेऊन.
ब्रशनं घासघासून हात धुवायची,
तरी सोललेल्या बटाट्यावर एखादं बोट उठायचंच.

हे दोनशे शब्दांत बसेल का?
बसवलं तर त्याचा 'श्रमिक वारसा' होतो,
आणि आई विचारेल, कोण श्रमिक?
मला पगार होता, बोगना. बोनससुद्धा.

प्रक्रिया म्हणाल तर अशी:
फळीवर तांबडा लावते. वाळू देते.
दुसरा हात मारते, तिसरा मारते.
चौथा हात कुणाचा असतो, मला नक्की सांगता येत नाही.
मग वरून राखाडी,
तांबड्याचा मागमूस राहत नाही तोवर.
लोक म्हणतात, काय समुद्र आहे!
प्रुसाक बाईंनी एकदा नाण्यानं कोपरा खरवडला.
"खाली एवढं सुंदर होतं, झाकलंस कशाला?"
मी म्हटलं, ते झाकण्यासाठीच होतं.
त्या बराच वेळ नाण्याकडे पाहत राहिल्या,
नाणं खिशात टाकलं आणि पुढच्या मुलाकडे गेल्या.

एक चोरीही कबूल करते, इथे कुणी विचारलेली नाही.
समुद्र संपतो तिथली ती कापरी कडा
माझी नाही, कोर्दुलाची.
शेजारच्या ईझलवरून उचलली, न विचारता.
कोर्दुला आता बर्गनमध्ये मासे कापते,
रविवारी मला फ्योर्डचे फोटो पाठवते,
त्यांत ती कडा असते, दर वेळी.
परत मागत नाही. तेच जड जातं.

गुरुवारी आई आली, डब्यात बीटचं सूप घेऊन.
चित्रासमोर उभी राहिली. कोट काढला नाही.
समुद्राबद्दल अक्षर नाही.
खाली उजव्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला, नखानं टोकरलं.
"इथे पातळ झालाय. पाणी शिरेल."
मी म्हटलं, आई, हे भिंतीवर लागणार आहे.
तोवर तिनं ब्रश उचलला होता.

टिमोननं नेमका तेव्हाच फोटो काढला.
त्यात मी नाही.
पाठमोरा कोट, वर उचललेला खांदा,
आणि सवयीनं मागे कललेली मान,
चित्र कमरेच्या उंचीला असूनही.

तोच फोटो पाठवला.
खाली लिहिलं:
आई म्हणते, कोपऱ्यात रंग पातळ झालाय.
सहा झाले.
एकशे चौऱ्याण्णव उरले. सूप निवतंय.